कंपनी की प्राध्यापकी? छत्तिसाव्या वर्षी प्रोटीनवालीनं कुठं जावं

पराटी | ११ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथं नुसती वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी समुद्रपूर तालुक्यातली. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जाम चौरस्ता आहे, तिथून आत वळलं की आमचं गाव. घरी नऊ एकर कोरडवाहू. कापूस, तूर, सोयाबीन. बारावीपर्यंत हिंगणघाट, बीएस्सी वर्ध्याला, एमएस्सी बायोकेमिस्ट्री नागपूरला. मग नेट-जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) निघाली, पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत पीएचडी झाली आणि नंतर दोन पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन. दुसऱ्या पोस्टडॉकच्या प्रकल्पाचा पैसा ३१ मार्चला संपला, त्याच दिवशी ओळखपत्र परत करून आले. सध्या गावी आहे. मृग लागलाय. बाबा आभाळाकडे बघतात, मी ईमेलकडे.

काम काय करते ते आधी सांगते, सल्ला देणाऱ्याला माल माहीत पाहिजे. पीएचडीत मी प्रोटीएज इन्हिबिटरवर होते. अळी पान, बोंड खाते तेव्हा त्यातलं प्रोटीन पचवायला तिच्या पोटात ट्रिप्सिनसारखी एन्झाइमं असतात. झाडंही गप्प बसत नाहीत. सोयाबीन, हरभरा, मिरची यांच्यात ही एन्झाइमं अडवणारी छोटी प्रोटीनं असतात, कुलपात काडी मोडून ठेवावी तशी. (कच्चं सोयाबीन माणसाला, कोंबड्यांना बाधतं त्यामागे हेही एक कारण. शिजवलं की या प्रोटीनांची घडी उसवते आणि बाधा बरीचशी जाते.) असं एक प्रोटीन मी ई. कोलाय जिवाणूकडून तयार करून घ्यायची, शुद्ध करायची आणि अळीच्या एन्झाइमला ते किती घट्ट धरतं ते मोजायची. अमेरिकन बोंडअळी मात्र पक्की. हे खाऊ घातलं की ती थोड्याच काळात दुसऱ्या धाटणीची एन्झाइमं काढते, ती या इन्हिबिटरला जुमानत नाहीत. पाच वर्षं तिच्या मागे होते, ती पुढेच राहिली. पोस्टडॉकमध्ये प्रोटीनाची घडी चुकते कशी आणि चुकलेल्या घड्यांचे गोळे कसे होतात, यावर काम केलं.

आता प्रश्न. हैदराबादजवळच्या एका कंपनीत बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधांसारख्याच जोड औषधांच्या अ‍ॅनालिटिकल विभागात जागा आहे, ओळखीतल्या मुलीनं सीव्ही मागितलाय. माझ्या गाईडना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "इतकं करून आता नमुने मोजणार?" दुसरीकडे आपल्याच भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर ये म्हणतात, 'पुढं बघू' या बोलीवर. गावात तर एकच प्रश्न, "सरकारी लागली काय?" आणि माय परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "बारा वर्स झाले, तुह्यं शिकणं सरलंच नाही काय व अजून?"

तिला काय सांगू ते सुचलं नाही, म्हणून इथं आले. कुणी अशी उडी मारली आहे का? तिकडं गेल्यावर परत येता येतं का? आणि खरं सांगायचं तर, मला लाज का वाटतेय?

गोळाभात | ११ जून, रात्री ११:०५

वाचतेय. उत्तर माहीत नाही, पण तुमच्या मायचा प्रश्न माझ्या सासूबाईंनी मला सीएच्या वेळी असाच विचारला होता.

सीएचबीवाला | १२ जून, सकाळी ७:१५

ताई, कंपनीत जा. एवढंच लिहून थांबणार होतो, पण सकाळी चहा घेताना राहवत नाही.

मी प्राणिशास्त्रवाला. पीएचडी, सेट दोन्ही आहे. नऊ वर्षांपासून सीएचबीवर शिकवतो. सीएचबी म्हणजे घड्याळी तास. जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत, मे-जूनमध्ये तर आम्ही नसतोच. बिल महिन्याला निघेल असंही नाही. एका वर्षी पहिल्या सत्राचे पैसे होळीला आले. कॉलेजात पोरं 'सर' म्हणतात, वर्गाबाहेर पडलो की किराणावाला 'मास्तर, उधारी' म्हणतो.

पक्क्या जागेची मुलाखतही दिली एकदा. आत एकच प्रश्न विचारला, क्रेब्ज सायकलवर. दुसरा प्रश्न बाहेर आल्यावर एका गृहस्थांनी विचारला, तो आकड्यात होता. घरचं वावर विकलं असतं तरी त्याचं उत्तर देता आलं नसतं.

'पुढं बघू' ही बोली मी नऊ वर्षं ऐकतोय.

जुने_मास्तर | १२ जून, सकाळी ९:३०

मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, वय ७१. मुलगी आमच्या बाजूची दिसते म्हणून लिहितो.

तुमच्या या प्रोटीनाशी आमची गाठ जुनी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे नोकरीत असताना आरोग्य खात्याची माणसं शाळेत येत. पोराच्या बोटाचं थेंबभर रक्त काचनळीतल्या औषधात टाकत आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरत. रेघा दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की ते पोर बाजूला उभं करत. सिकलसेल. सेवाग्रामकडचीही आठवण आहे. हत्तीपायाच्या तपासणीला रात्री माणसं यायची, कारण तो जंत रक्तात रात्रीच सापडतो. कंदील धरून लोक झोपेतून उठून बोट पुढं करायचे.

मला विज्ञान फार कळत नाही. पण ज्यांनी ती नळी तयार केली, ते कॉलेजात होते की कंपनीत, हे आम्ही कधी विचारलं नाही.

पराटी | १२ जून, दुपारी १:२०

मास्तर, नमस्कार करते. तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझ्या मोठ्या बाबांचा मुलगा सिकलसेलचा होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हिवाळ्यात हातपाय दुखून रात्र रात्र कण्हायचा. गावात त्याला वात म्हणायचे.

एमएस्सीला गेल्यावर कळलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथं व्हॅलिन येतं. एवढाच फरक. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगच्या गटानं दाखवलं की हा रोग हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. मग १९५६ मध्ये व्हर्नन इंग्रामनं प्रोटीनाचे तुकडे करून फरक नेमका कोणत्या तुकड्यात आहे ते शोधलं. ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. तुमची ती गढूळ नळी म्हणजे तेच, न विरघळणारं हिमोग्लोबिन. त्या तासाला मी वर्गात रडले होते. सरांना वाटलं, कमी मार्क पडले म्हणून.

प्रोटीन घेतलं ते तेव्हापासून. अळी नंतर आली, फेलोशिपच्या मागोमाग.

बफर_साडेसात | १२ जून, रात्री ९:५०

माझी बारा वर्षं याच धंद्यात गेली, हैदराबादलाच. मूळ गाव दारव्हा तालुक्यात. तेव्हा थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या गाईडच्या वाक्याबद्दल. 'नमुने मोजणं' हे त्यांनी हिणवून म्हटलं असेल, पण सगळी गोम तिथंच आहे. अ‍ॅस्पिरिनचा रेणू छोटा, १८० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप). सूत्र लिहिलं, बनवला, तपासला, झालं. अँटीबॉडी म्हणजे दीड लाख डाल्टनचं धूड, तेराशेच्या वर अमिनो आम्लं आणि वरून साखरेच्या फांद्या. ती कारखान्यात शिजवता येत नाही, जिवंत पेशींकडूनच करून घ्यावी लागते. बहुतेक वेळा सीएचओ म्हणजे चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशाच्या पेशी. आता जिवंत पेशी म्हणजे गाय समजा. चारा बदलला, ऊन वाढलं, की दूध बदलणारच. एका बॅचमध्ये साखरेची फांदी थोडी आखूड, दुसऱ्यात एखादं अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल डीअमायडेट झालेलं, म्हणजे थोडं बदललेलं, तिसऱ्यात दोन-दोन रेणू जोडीनं चिकटलेले. आणि हे औषध कॅन्सरच्या माणसाच्या शिरेत जाणार. चिकटलेले गोळे जास्त झाले तर शरीर त्या औषधाविरुद्धच उठू शकतं.

बायोसिमिलर म्हणजे मूळ कंपनीच्या अशा औषधाची, पेटंट सरल्यावर दुसऱ्यानं केलेली जोड. मूळवाल्यांची पेशी आपल्याला मिळत नाही, कृती मिळत नाही. बाजारातून त्यांच्या कुप्या आणायच्या, उलगडून बघायच्या आणि आपला माल तसाच आहे हे शंभर बाजूंनी सिद्ध करायचं. भारतात डॉ. रेड्डीजनं रिटुक्सिमॅबची जोड २००७ मध्ये काढली. सरकारची यासाठीची स्वतंत्र नियमावली २०१२ ची, २०१६ मध्ये सुधारली. हे 'तसंच आहे' कोण सांगणार? प्रोटीन बायोकेमिस्ट. गोळे कसे होतात यावर तुमची पोस्टडॉक आहे म्हणता? ताई, तुम्ही आमच्याकडं अर्ज करायला उशीर केलात.

घरं कोणती आहेत तेही सांगतो. पेशी वाढवणारे ते अपस्ट्रीम. त्यातून प्रोटीन गाळून शुद्ध करणारे डाउनस्ट्रीम. प्रोटीन-ए चा कॉलम, आयन एक्सचेंज, विषाणू गाळणी वगैरे. औषध कुपीत टिकवणारे फॉर्म्युलेशन. पद्धती बसवणारे अ‍ॅनालिटिकल, आणि त्या पद्धतीनं रोजची तपासणी करणारे क्यूसी. अ‍ॅनालिटिकल आणि क्यूसी एक नाही, हे गाईडना सांगा. या सगळ्यांच्या मानगुटीवर क्यूए, म्हणजे सगळं नियमानं झालं का ते बघणारे. त्यांचा एकच मंत्र: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.

लाजेचं उत्तर माझ्याकडे नाही. माझी पहिल्या दिवाळीत गेली. आईला पहिल्यांदा पैठणी घेतली होती.

परत येता येतं का? फार कमी लोक येतात. पेपर निघणं थांबतं आणि अकादमीत पेपरशिवाय कुणी दारात उभं करत नाही. हे गोड करून सांगत नाही.

जनधन | १३ जून, सकाळी १०:००

सगळे 'जा जा' म्हणताहेत, मी उलटं विचारतो. आज जेआरएफला महिन्याला ३७ हजार, एसआरएफला (फेलोशिपची पुढची पायरी) ४२ हजार मिळतात. वर प्रयोगशाळा, रसायनं, यंत्रं, सगळं जनतेच्या पैशातून. कापूस उत्पादकाच्या मुलीनं बोंडअळीवर पाच वर्षं काम केलं आणि आता ते सगळं घेऊन एका नफेखोर कंपनीत? बोंडअळीचं काय? २०१७ ला आमच्या यवतमाळात गुलाबी अळीनं बोंडं पोखरली, फवारणीत माणसं मेली. तेव्हा शास्त्रज्ञ कुठं होते? व्यक्तिगत घेऊ नका, पण घ्याच.

संत्राबर्फी | १३ जून, सकाळी १०:२०

सुरू झालं! जनधनभाऊ, तुमचे चिरंजीव पुण्यात आयटीत आहेत ना? इंजिनिअरिंगही सरकारी कॉलेजातूनच झालं होतं, पार्टी आठवते मला.

पराटी | १३ जून, रात्री ८:१५

संत्राबर्फी, राहू द्या. प्रश्न बरोबर आहे आणि मला तो रात्री पडतो.

३७ हजार आत्ताचे झाले. मी लागले तेव्हा १६ हजार होते, २०१४ च्या शेवटी २५ झाले. ते जनतेचेच होते, मान्य. पण बोंडअळीवर काम चालू ठेवायला मला जागा लागेल, आणि ती जागा कुणी देत नाहीये. मी काम सोडून चालले नाही, काम मला सोडून गेलं. 'कंपनीत की बोंडअळीवर' असे दोन रस्ते माझ्यासमोर असते तर धागाच काढला नसता.

दुसरं, नफेखोरीचं. हिपॅटायटिस बी ची लस आधी बाहेरूनच यायची आणि ती गरिबाच्या हातात येणारी नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं आपली शानव्हॅक-बी काढली आणि भाव धाडकन खाली आला. ती लसही एक प्रोटीनच, यीस्टकडून करून घेतलेलं. काढणारे वरप्रसाद रेड्डी इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. म्हणजे कंपनी म्हटलं की लूटच, असं नाही. कंपनी म्हटलं की सेवाच, असंही नाही, हे मलाही कळतं.

कोरडवाहू | १४ जून, सकाळी ६:४०

विषय थोडा सोडून. ताई, बीटीमधलं जे आहे तेही प्रोटीनच ना? मग गुलाबी अळी त्याला का मरत नाही आता? दुकानदार म्हणतो बियाणं चांगलं आहे, फवारणी कमी पडली.

पराटी | १४ जून, सकाळी ८:००

हो दादा, प्रोटीनच. २००२ मध्ये आलेल्या बीटीत क्राय-१-एसी होतं, २००६ च्या दुसऱ्या पिढीत जोडीला क्राय-२-एबी. अळीच्या पोटात ते तिच्याच एन्झाइमांनी तासलं जातं, आतड्याच्या पेशीवरच्या ठरावीक खुंटीला अडकतं आणि पेशीला भोक पाडतं. गुलाबी अळीत ती खुंटीच बदलली की प्रोटीन येऊन नुसतं जातं. कपाशीच्या कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या होत्या, म्हणजे न बदललेल्या अळ्या शिल्लक राहिल्या असत्या. त्यासाठी बीटीसोबत वेगळं पाकीट मिळायचं, त्यातलं बियाणं आपण किती जणांनी लावलं? आमच्या बाबांनी नाही लावलं. वर पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवतो, म्हणजे अळीला बाराही महिने जेवण.

बियाण्यात प्रोटीन आहे की नाही याची शंका असेल तर पट्टीवर तपासता येतं, कोविडच्या पट्टीसारखंच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं अशी किट केली होती. पट्टीवर जी रेघ उमटते ती उमटवणारीही अँटीबॉडीच, बफरदादा म्हणतात तेच धूड.

फवारणी 'कमी पडली' म्हणणाऱ्या दुकानदाराला काय म्हणायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येत असेल.

कोरडवाहू | १४ जून, सकाळी ८:१०

येतं. 😄 आणि ताई, एवढं सोपं करून आमच्या कृषी सहायकानं कधी सांगितलं नाही. जिथं जाल तिथं खूश राहा.

पराटी | ४ जुलै, रात्री ११:३०

अपडेट. पहिली मुलाखत झाली (ती ओळखीतल्या मुलीची कंपनी नव्हे, दुसरीच). ऑनलाइन होती. गावात रेंज मिळत नाही म्हणून ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसून दिली, बाजूला सोलरची टाकी.

पार बोऱ्या वाजला. प्रबंधाच्या ४८ स्लाइड घेऊन गेले होते. सहाव्या स्लाइडला पॅनेलमधल्या बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "छान आहे. पण हे तुम्ही आमच्यासाठी काय कराल?" मी पुन्हा अळी सांगायला लागले. मग त्यांनी विचारलं, मेथड व्हॅलिडेशन, म्हणजे मोजायची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं, केलंय का? मी म्हटलं, स्टँडर्ड कर्व्ह काढलाय (ती त्यातली नुसती पहिली पायरी). पलीकडं कुणीतरी हसलं. आठवड्यानं 'सध्या योग्य जागा नाही' असं पत्र आलं.

जेवले नाही त्या रात्री. माय म्हणाली, "लाऊन धरलं तं होते. पराटीले एका फुलात कापूस येते काय?"

बफर_साडेसात | ५ जुलै, सकाळी ७:००

मायला दंडवत.

आता ऐका. सीव्ही किती पानांचा आहे? आठ असेल. दोन करा. पेपरांची यादी एका ओळीत. 'अमुक प्रोटीनाचा अभ्यास केला' ही ओळ काढा आणि काय हातानं केलं ते लिहा: किती वेगवेगळी प्रोटीनं शुद्ध केली, इन्क्लूजन बॉडीतून (जिवाणूत साचलेल्या गोळ्यांतून) रीफोल्ड केली का, म्हणजे पुन्हा नीट घडी घातली का, एसईसी-एचपीएलसी (रेणू आकारानं वेगळे करणारं यंत्र) स्वतः चालवलं का, यंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करायचं. आयसीएच (औषधांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी संस्था) चे क्यू२ आणि क्यू६बी हे दोन दस्तऐवज फुकट मिळतात, वाचून काढा. प्रबंधाएवढे जाड नाहीत. अचूकता, पुनरावृत्ती, सरळ रेषेत किती दूरपर्यंत मोजता येतं, हे सगळं तुम्ही केलेलंच असतं. फक्त त्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते माहीत नसतं.

आणि एक. अकादमीत विचारतात, नवीन काय सापडलं? आमच्याकडे विचारतात, पाचशेव्या बॅचलाही हेच सापडेल का? उत्तर त्या प्रश्नाचं द्या.

एमएस्सी_अमरावती | ५ जुलै, दुपारी ३:४५

सर/मॅडम, मी एमएस्सी शेवटच्या वर्षाला आहे. मग मी पीएचडी करू की थेट कंपनीत जाऊ? कृपया मार्गदर्शन करावे.

बफर_साडेसात | ५ जुलै, रात्री १०:१०

बाळा, पगारासाठी पीएचडी करणार असशील तर नको करू. एमएस्सीवर क्यूसीत किंवा डाउनस्ट्रीमला लाग, पाच वर्षांत तू या ताईंच्या वरच्या खुर्चीत बसलेला असशील. एखादा प्रश्न झोपू देत नसेल तर कर. मग मात्र पगाराचं रडगाणं इथं गाऊ नको.

सीएचबीवाला | ५ जुलै, रात्री १०:३०

गाऊ दे हो. आम्ही आहोत कोरसला.

पराटी | २७ जुलै, दुपारी ४:००

झालं मंडळी. म्हणजे निवड झाली.

यावेळी हैदराबादला बोलावलं होतं. चार तास, पाच माणसं. एकानं विचारलं, "तुमचं प्रोटीन दर वेळी तितकंच निघायचं का?" तोंडावर 'हो' आलं होतं, पण खरं तेच बोलले. म्हटलं, नाही, एप्रिल-मे मध्ये निम्मं निघायचं. का? तर जिवाणूंना प्रोटीन करायला लावताना मी शेकर १८ अंशांवर ठेवायची, आणि उन्हाळ्यात त्या जुन्या यंत्राचं कूलिंग दुपारी हार मानायचं. तापमान चढलं की प्रोटीनाला घडी घालायला सवड मिळत नाही, ते गोळा होऊन तळाशी बसतं. "हे कशावरून?" असं त्यांनी विचारलं. मी वही काढली. तीन वर्षांची, दर दोन तासांचं तापमान लिहिलेली. गाईडनं कधी मागितली नव्हती.

ही सवय लॅबमधली नाही. आमचे बाबा पावसाची वही ठेवतात, १९९१ पासून. कधी आला, किती वेळ पडला, वावरात ओल किती बोटं गेली. चुकलं तर खाडाखोड करत नाहीत. एक आडवी रेघ मारतात, बाजूला बरोबर लिहितात, तारीख घालतात. पॅनेलवरच्या क्यूएच्या बाईंनी माझी वही चाळली, एका आडव्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. ते कोणत्या कंपनीत होते, असं बाईंनी विचारलं.

१२ ऑगस्टला रुजू व्हायचंय.

गोळाभात | २७ जुलै, दुपारी ४:०५

अभिनंदन गं!! बाबांना सांगितलं का हे?

पराटी | २७ जुलै, दुपारी ४:२०

सांगितलं. म्हणाले, "मंग? खोडलं तं मागचं दिसत नाही."

जनधन | २८ जुलै, सकाळी ९:००

अभिनंदन. माझं मत तेच आहे. पण अभिनंदन.

पराटी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४५

तीन महिने झाले, कुणीकुणी विचारत होतं म्हणून लिहिते. काय औषध आहे ते विचारू नका, सांगता येत नाही. ही एक गोष्ट अजून टोचते. लॅबमध्ये आलेख चांगला आला की बाजूच्या टेबलावर जाऊन दाखवायचे. इथं खुद्द कॅन्टीनमध्येही बोलायचं नाही.

पहिला महिना तर यंत्राला हातच लावू दिला नाही. नुसते एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी कृती, वाचायचे आणि 'वाचलं' म्हणून सही करायची. पिपेट धरता येते का याची परीक्षा घेतली, छत्तिसाव्या वर्षी. अपमान वाटला होता. नंतर कळलं, माझ्या साहेबांनीही दिली होती.

मागच्या पंधरवड्यात एका नमुन्याच्या आलेखात मुख्य शिखराच्या आधी एक बारीकसा खांदा दिसला. जुळी झालेली रेणूजोडी असावी. जुनी मी असते तर 'का' च्या मागे सहा महिने गेले असते आणि एक पेपर झाला असता. इथं डेव्हिएशन, म्हणजे काहीतरी वेगळं घडल्याची चौकशी, उघडलं, नमुना कोणत्या फ्रीजमधून आला, दार किती वेळ उघडं होतं, कुणी काढला, कोणत्या पेनानं लिहिलं, सगळं शोधलं. चौथ्या दिवशी कारण मिळालं. साधं निघालं, हँडलिंगचं. 'का' मिळाला, पण बेताचा, कामापुरता. पुढचा 'का' माझ्या वहीत आहे, घरच्या. (हो, दुसरी वही केली आहे. तिच्यात औषधाचं नाव नाही, क्यूएवाल्यांनी घाबरू नये.)

दिवाळीत घरी गेले तेव्हा गाय व्यालेली होती. मायनं चीक उकडायला ठेवला होता. ती पुन्हा म्हणाली, "कंपनीत करत काय तू, नीट सांग." मी म्हटलं, हा चीक का थिजते, सांग बरं. विरजण नाही, काही नाही, नुसत्या वाफेवर? दुधाचं तं नाही होत असं. ती म्हणाली, घट्ट असते म्हणून. म्हटलं, त्यात वासरासाठी गाईनं भरून ठेवलेल्या अँटीबॉडी असतात, खूप. नवीन वासराच्या अंगात आपल्या रोगाशी लढणाऱ्या नसतात, ते चीक पिते तेव्हा मिळतात. त्या प्रोटीनाची घडी तापल्यावर उसवते आणि सगळं एकमेकांत गुंतून वडी होते. तसंच प्रोटीन आम्ही माणसासाठी करतो, आजारी माणसाले द्यायले. आणि त्याची वडी होऊ नये हे मी पाहतो.

माय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चीक नासू नाही द्यायचा, असं तुह्यं काम."

बारा वर्षांत एवढं बरोबर कुणी सांगितलं नव्हतं. व्हिजिटिंग कार्डावर छापावंसं वाटलं.

जुने_मास्तर | २० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वाचून बरं वाटलं. मोठ्या बाबांच्या मुलाचं काय झालं, ते लिहिलं नाहीस.

पराटी | २० नोव्हेंबर, रात्री १०:००

एकोणिसाव्या वर्षी गेला, मास्तर. मी बीएस्सीला होते.

कोरडवाहू | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ताई, यंदा बिगर-बीटीच्या ओळी लावल्या. फरक पडला की नाही ते वेचणी सरल्यावर सांगतो. शेजारी हसून राह्यले.

बफर_साडेसात | २१ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, त्या चिकाचं मन लावून वाचलं. इथं मिळत नाही हो. पुढची गाय कधी व्यायची आहे?

पराटी | २१ नोव्हेंबर, रात्री ९:१०

दुसरी गाय याच आठवड्यात आहे. बाबा रात्री जामवरून ट्रॅव्हल्समध्ये डबा देतात, पहाटे मेडचलला उतरवून घ्यायचा. कच्चाच पाठवायला सांगते, उकडलेला प्रवासात आंबेल.

बफर_साडेसात | २१ नोव्हेंबर, रात्री ९:१२

थर्मासात बर्फ घालायला सांगा. दोन ते आठ अंश. गोठू देऊ नका, परत वितळला तर गोळे होतील.

पराटी | २१ नोव्हेंबर, रात्री ९:१५

बाबांना सांगितलं. विचारतात, वहीत किती वाजताचं तापमान लिहू?